बाई, नक्की काय लिहायचं?

विज्ञानाच्या पेपरात ‘शास्त्रीय कारणे लिहा’ असा एक प्रश्न असतो. माझ्या मते अख्ख्या प्रश्नपत्रिकेतला सगळ्यात चांगला प्रश्न. म्हणजे असायला हवा होता. कारण विचारलंय म्हटल्यावर मुलाने जरा डोकं खाजवावं, दोन गोष्टी जोडून पाहाव्यात, एखादी खोडावी. पण होतं काय, तर गाइडमध्ये प्रत्येक धड्याखाली आठ-दहा शास्त्रीय कारणं उत्तरांसकट छापलेली असतात. मुद्दा १, मुद्दा २, मुद्दा ३, मग ‘म्हणून’ आणि त्यापुढे प्रश्नच पुन्हा उतरवून काढायचा. मुलं ती घोकतात आणि पैकीच्या पैकी मार्क घेतात.

कारण पाठ करायचं! ह्यातला विनोद कुणाला जाणवत कसा नाही, ह्याचंच मला नवल वाटतं.

मी नववी-दहावीला जीवशास्त्र शिकवते. (बोर्डाच्या भाषेत ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’.) गणित शिकवणाऱ्यांचा मला एका बाबतीत हेवा वाटतो. तिथे आकडे बदलले की पाठांतर उघडं पडतं. जीवशास्त्राची ख्याती मात्र ‘पाठ केलं की येतं’ अशी. नावं, व्याख्या, फरक स्पष्ट करा, सुबक आकृती काढून भागांना नावे द्या. नावांशी माझं भांडण नाही हं. पेशीतल्या तंतुकणिकेला तंतुकणिकाच म्हणावं लागतं, त्याला इलाज नाही. पण सगळी नावं येऊन पोरगं रिकामंच राहतं, असं मी इतक्यांदा पाहिलंय की आता धडा सुरू करताना पुस्तक उघडतच नाही. आधी एक प्रश्न विचारते.

प्रकाशसंश्लेषणाचा प्रश्न ठरलेला आहे. चिंचेचा एक चिंचोका टेबलावर ठेवायचा आणि खिडकीतून मैदानाकडे बोट दाखवायचं. “हा एक ग्रॅमच्या आसपास. ते झाड काही हजार किलो. एवढं वजन आलं कुठून?”

मुलांनी सातवी-आठवीपासून प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण लिहिलेलं असतं. सहा कार्बन डायऑक्साइड, सहा पाणी, सूर्यप्रकाश, हरितद्रव्य, सगळं तोंडपाठ. आणि तरीही दर वर्षी वर्गातले बहुतेक हात एकाच उत्तराला वर होतात : मातीतून. मग पाण्यातून. मग खतातून. हवा म्हणणारं एखादंच आणि तेही शेजारच्याकडे बघत बघत. ह्यात आपल्या मुलांना कमी लेखायचं कारण नाही. १९९७ साली अमेरिकेत ‘माइंड्स ऑफ अवर ओन’ नावाची माहितीपटांची मालिका निघाली होती. तिच्यात हार्वर्ड आणि एमआयटीत शिकलेल्या पदवीधरांच्या हातात लाकडाचा ओंडका देऊन हाच प्रश्न विचारला आहे. त्यांचीही उत्तरं आमच्या नववी ‘ब’सारखीच आहेत.

इथे मोह होतो पटकन सांगून टाकायचा. मी सांगत नाही. प्रत्येकाने आपलं उत्तर वहीत लिहायचं, खाली कारण लिहायचं आणि पेन खाली ठेवायचं. खोडायचं नाही. हे लिहून घेणं मला फार महत्त्वाचं वाटतं. तोंडी विचारलं की मूल शेवटी ‘मला तेच म्हणायचं होतं’ म्हणून सुटतं. लिहिलं की ते स्वतःच्या उत्तरात गुंततं, मग पुढे काय होतंय ह्याची त्याला काळजी लागते. नुसतं ऐकणाऱ्याला कसली आलीय काळजी?

मग हेल्मोंटची गोष्ट. सतराव्या शतकातला हा युरोपातला माणूस. त्याने एका मोठ्या कुंडीत २०० पौंड सुकवलेली माती भरली, ५ पौंडांची विलोची फांदी लावली आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड भरलं १६९ पौंड आणि वर काही औंस. माती पुन्हा सुकवून तोलली तर घट सुमारे २ औंस. आपल्या मापात सांगायचं तर झाड साधारण ७४ किलोंनी वाढलं आणि माती गेली मूठभर, ५०-६० ग्रॅम. (हे सगळं छापून आलं १६४८ साली, तो वारल्यावर.)

‘माती’वाल्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. पण ते गप्प बसत नाहीत, आणि बसूही नये. एका वर्षी एका मुलाने उभं राहून विचारलं, “बाई, मग आमचे अण्णा उसाला खताच्या गोण्या कशाला ओततात?” किती रास्त प्रश्न! त्यावर दहा मिनिटं वाद झाला. शेवटी एका मुलीनेच सोडवलं. ती म्हणाली, भाजीत मीठ घातल्याशिवाय भाजी होत नाही, पण म्हणून पोट काही मिठाने भरत नाही. मी एवढं सोपं सांगू शकले नसते. मी फक्त पुढचा प्रश्न टाकला : चुलीत मण-दोन मण लाकूड जाळलं तर राख किती उरते? घरी अजून चूल असणारी मुलं वर्गात असतात, त्यांना लगेच कळतं. पाटीभरसुद्धा नाही. शंभर किलो सुक्या लाकडामागे फार तर एक-दोन किलो. झाडाने मातीतून घेतलेलं जे काही होतं ते बहुतेक सगळं त्या राखेत. मग बाकीचं गेलं कुठे? धूर होऊन हवेत. मग आलं कुठून असेल?

हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर वर्गात जी शांतता पसरते, ती मला फार आवडते.

पण हेल्मोंटचा स्वतःचा निष्कर्ष वेगळाच होता. तो म्हणाला, झाड पाण्यापासून बनलं. इथे मी वर्गाला विचारते, पटतंय का? बहुतेकांना पटतं, कारण आकडे पुढ्यात आहेत आणि पुस्तकात नाव छापून आलेला माणूस सांगतोय. “त्याने काय तोललं नाही?” एवढंच मी विचारत राहते. एखाद्या वर्गात तिसऱ्या मिनिटाला उत्तर येतं, एखाद्यात दुसऱ्या दिवशी. हवा! हवा कुणी तोललीच नाही. गंमत म्हणजे ‘गॅस’ हा शब्द ज्याने घडवला तो हाच हेल्मोंट. कोळसा जळताना निघणारा वायू, म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड, त्याला चांगला ठाऊक होता. फक्त तो झाडात शिरत असेल असं त्याच्या मनात आलं नाही. पुढे प्रिस्टलीने १७७१ मध्ये पुदिन्याच्या रोपाने मेणबत्तीमुळे ‘बिघडलेली’ हवा सुधारते हे दाखवलं, इंगेनहाउझने १७७९ मध्ये त्याला प्रकाश लागतो आणि ते फक्त हिरवे भाग करतात हे दाखवलं, आणि १८०४ मध्ये द सोस्यूरने वजनं करून हवेचा आणि पाण्याचा हिशोब मांडला. म्हणजे कुंडीपासून समीकरणापर्यंत यायला जगाला दीडशे वर्षं लागली, आणि आम्ही ते ३५ मिनिटांच्या तासात फळ्यावर लिहून मोकळे होतो. आणि हो, ‘पाणी’ म्हणणारी मुलंही अगदीच चुकलेली नसतात. ओल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. हे मी त्यांना आवर्जून सांगते.

शिक्षणशास्त्रात ह्या पद्धतीला नाव आहे : अंदाज करा, पाहा, स्पष्ट करा. व्हाइट आणि गनस्टोन ह्या दोघांनी १९९२ च्या त्यांच्या पुस्तकात ती नीट मांडली आहे. मेरी बड रो ह्या बाईंचं काम त्याच्याही आधीचं, सत्तरच्या दशकातलं. त्यांनी वर्गांतलं बोलणं टेप करून मोजलं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब होतात, कारणांसकट येतात आणि एरवी न बोलणारी मुलं बोलतात. तीन सेकंद! ऐकायला काहीच नाही. पण चाळीस-पंचेचाळीस मुलांसमोर गप्प उभं राहून मोजून बघा, युगासारखे वाटतात. मी मनात ‘एक खडू, दोन खडू, तीन खडू’ म्हणते.

सगळ्याच धड्यांना हेल्मोंट मिळत नाही. पण स्वयंपाकघर मिळतं. “बी रुजायला सूर्यप्रकाश लागतो का?” असं विचारा, निम्मा वर्ग ‘हो’ म्हणेल. मग विचारा, आई मुगाला मोड कुठे आणते? फडक्यात घट्ट बांधून, झाकणाच्या डब्यात! रोज डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट आणि विज्ञानाच्या वहीतली गोष्ट ह्यांची कधी गाठच पडलेली नसते. मग आम्ही करून बघतो. पाच-पाच जणांचे गट, वाट्या, मूग, आणि प्रयोग कसा करायचा ते त्यांनीच ठरवायचं. एका गटाने एक वाटी खिडकीत ठेवली, दुसरी कपाटात. दुसऱ्या गटातली एक शांत मुलगी जाऊन बघून आली आणि म्हणाली, “बाई, ह्यांचे दोन वाटीतले मूग दोन घरचे आहेत. फरक पडला तर उजेडाचा की मुगाचा, कसं कळणार?”

‘एका वेळी एकच गोष्ट बदला’ हे वाक्य मी फळ्यावर पन्नास वेळा लिहिलं असतं, तरी त्या गटाला ते असं झोंबलं नसतं.

त्याच वर्गात पावसाळ्याच्या सुमाराला डेंग्यूचा विषय निघाला. एकाच्या काकांच्या प्लेटलेट्स पपईच्या पानांच्या रसाने वाढल्या होत्या. मागून कुणीतरी म्हणालं, “रस न घेतलेल्यांच्या वाढल्या नाहीत का रे?” म्हणजे दुसरी वाटी कुठाय? डेंग्यूत प्लेटलेट्स उतरतात आणि बहुतेक रुग्णांत काही दिवसांनी आपोआप चढू लागतात. तेव्हा एकट्या काकांवरून रसाच्या बाजूनेही काही सांगता येत नाही आणि विरुद्धही. मुलाला राग आला, आणि तो येणारच, काका त्याचे होते. पण मला त्या मागच्या बाकावरच्या प्रश्नाचं अप्रूप वाटलं. फॉरवर्ड आलेल्या मेसेजेसना हा एवढा एक प्रश्न विचारला तरी किती काम होईल!

आता जरा अवघड जागेचं बोलते.

कांद्याच्या पापुद्र्याचा प्रयोग सगळ्यांनी केलेला असतो. पातळ पापुद्रा सोलायचा, काचपट्टीवर घ्यायचा, आयोडीनचा थेंब, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. मग प्रयोगवहीत आकृती. मी एकदा सगळ्या वह्या पुढे घेऊन बसले, तर प्रत्येक पेशीत ठसठशीत केंद्रक. एकाने तर हिरव्या पेन्सिलीने हरितलवकंसुद्धा काढलेली. कांद्याच्या पापुद्र्यात हरितलवकं नसतातच! त्याला विचारलं, “तुला दिसली?” तो म्हणाला, “नाही बाई. पण पुस्तकातल्या वनस्पती पेशीत आहेत ना.” त्या दिवशी आयोडीन संपत आलेलं होतं, कितीतरी पापुद्र्यांना ते धड लागलंही नव्हतं. तिथे केंद्रक स्पष्ट दिसणं कठीणच. तरी पंचेचाळीस वह्यांत ते होतं. म्हणजे मुलांनी डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला होता आणि आकृती पुस्तकातून काढली होती.

पुढच्या वेळी मी नियम केला. डाव्या पानावर जे दिसलं तेच काढायचं, वाकडं असलं तरी. उजव्या पानावर पुस्तकातली आकृती. खाली दोन ओळी : फरक काय आणि का असावा. डावी पानं इतकी मजेदार निघाली की काय सांगू! हवेचे बुडबुडे होते, घडी पडलेला पापुद्रा होता, एकीने तर आपल्याच पापणीचे केस काढले होते. एका मुलाने लिहिलं होतं, ‘केंद्रक फक्त दोन पेशींत दिसले. बाकीच्यांत नव्हते की दिसले नाही ते सांगता येत नाही.’ हे वाक्य मी अजून जपून ठेवलंय. पुढे एका वेगळ्या ठिकाणी त्याच्या वहीची तपासणी झाली. डाव्या पानावर लाल शाईत शेरा आला, ‘आकृती अपूर्ण’, आणि मार्क कापले गेले. वही घेऊन तो माझ्याकडे आला. “बाई, मग न दिसलेलं काढायचं का?”

मी त्याला सांगितलं, परीक्षेत पुस्तकातली आकृती काढ, कारण तिथे प्रश्नच तो आहे की पुस्तकात काय आहे. वही मात्र तुझी, तिच्यात तुझे डोळे. त्याने मान डोलावली, पण त्याचं समाधान झालं नव्हतं. माझंही नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला प्रामाणिकपणाचे दोन हिशोब ठेवायला सांगणं मला बरं वाटत नाही. पण दहावीचे मार्क त्याचे जाणार असतात, माझे नव्हे.

परीक्षा बदलता येतच नाहीत असं मात्र नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. पुढे तो शेकडो शाळांत पोचला. त्यात पाचवीपर्यंतची नव्हे, सहावी ते आठवीची गावाकडची मुलं प्रयोग करत शिकायची आणि परीक्षेला पुस्तकं-वह्या घेऊन बसायची! पुस्तक उघडं ठेवून सोडवायचा पेपर म्हटल्यावर त्यात घोकलेलं विचारून उपयोगच नाही. तीस वर्षं चालून २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. असो.

ह्या सगळ्याला वेळ लागतो, हा आक्षेप खरा आहे. प्रकाशसंश्लेषणाला माझे चार तास जातात, जिथे एकात भागतं. ते तास मी वर्गीकरणाच्या धड्यातून काढते. तो मुलांनी घरी वाचावा, तक्ता करून आणावा. वर्गीकरणावर प्रेम असणाऱ्यांनी मला माफ करावं. पालकसभेत ‘पोर्शन कधी संपणार’ हे विचारलं जातंच, आणि विचारणाऱ्यांची चूक नाही, त्यांनी क्लासची फी भरलेली असते.

पण सगळ्यात कठीण जातं ते हुशार मुलांना. हे मला अपेक्षित नव्हतं. डासांचंच बघा. आपण सगळे म्हणतो, ‘डासांना औषधाची सवय झाली.’ मी वर्गात विचारलं, कुठल्या डासाला? ज्याला फवारा लागला तो तर मेला. जो वाचला, त्याला सवय लागायला तो जगतो किती, काही आठवडे. मग सवय नक्की झाली कुणाला? वर्ग चक्रावला. शेवटी हळूहळू तिथे पोचला की काही डास आधीपासूनच वेगळे असणार, ते वाचले आणि पिल्लावळ त्यांची वाढली. एकाही डासाला सवय झाली नाही, डासांची जमात बदलली. ‘सवय झाली’ हे दोन शब्द आपल्या जिभेवर इतके बसलेत की त्यांच्या आड अख्खा नैसर्गिक निवडीचा सिद्धांत लपून राहतो.

सगळे खुशीत असताना वर्गात पहिली येणारी मुलगी मात्र रडवेली झाली होती. तास संपल्यावर वही उघडून म्हणाली, “बाई, नक्की काय लिहायचं ते सांगा ना.” तिला आजवर प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आलं होतं. उत्तर येत नाही अशा जागी अर्धा तास बसून राहणं तिच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. मी सांगितलं नाही. फार वाईट वाटलं, पण नाही सांगितलं. “तुझ्या शब्दांत लिही, उद्या दोघी वाचू,” म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिने तीन ओळी आणल्या, दोन खोडलेल्या. उरलेली एक बरोबर होती.

परवा श्वसनाचा धडा सुरू होता. ग्लुकोज, ऑक्सिजन, ऊर्जा, नेहमीचंच. मधल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. “बाई, झाडाचं वजन हवेतून येतं ना? मग माझी आजी आजारपणात एवढी वाळली, तिचं वजन कुठे गेलं?”

मी खडू खाली ठेवला. हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता, कुठल्याच गाइडमध्येही नाही. मला उत्तर ठाऊक होतं, तेही योगायोगाने. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मीरमन आणि ब्राउन ह्यांनी हा हिशोब मांडला होता. शरीरातली १० किलो चरबी खर्च झाली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर जाते आणि १.६ किलोचं पाणी होतं. त्यांनी डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांनाही हे विचारलं होतं, आणि बहुतेकांनी ‘चरबीची ऊर्जा होते’ असं चुकीचं उत्तर दिलं होतं. आजीच्या बाबतीत चरबीबरोबर स्नायूही झिजले असणार, पण त्यातलाही मोठा वाटा हवेतच जातो.

मी काही बोलले नाही. तास संपायला चार मिनिटं होती. प्रत्येकाला चिठ्ठी दिली, अंदाज लिहा, खाली कारण लिहा, आणि तो बरोबर आहे का हे कसं तपासाल तेही. ‘घामातून’ म्हणणाऱ्या पंधरा-सोळा आहेत. ‘ऊर्जा झाली’ बारा. ‘संडासवाटे’ असं लिहून मग लाजून खोडलेल्या तीन. एकीने लिहिलंय, ‘कुठे जात नाही, म्हातारपणी आत मुरतं.’ आणि एका सुवाच्य अक्षरातल्या चिठ्ठीवर आहे : ‘श्वासातून? नक्की नाही. चुन्याची निवळी लागेल. आणि वजनकाटा.’

चुन्याची निवळी प्रयोगशाळेत आहे. वजनकाट्याचा काटा मात्र दोन किलोंवर अडकतो, तो मंगळवारच्या तासाच्या आत कुणाकडून तरी दुरुस्त करून घ्यायला हवा.